हा तुकडा कोणत्या पोलादाचा?

चेंबूरहून माहुलकडे जाताना टँकरच्या रांगा लागल्या की रिफायनरी जवळ आली असं समजायचं. भिंतीपलीकडे उंच मनोरे, त्यांना बिलगून वर गेलेले लोखंडी जिने आणि एकावर एक थरांनी धावणारे चंदेरी पाइप. उन्हात हे सगळं लखलखतं, आणि बघणारा म्हणतो, केवढं हे स्टील! प्रत्यक्षात चमकत असतो तो ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्याच्याखाली उष्णता धरून ठेवणारं जाड वेष्टन, आणि त्याच्याही आत खरा पाइप. तो कोणत्या पोलादाचा आहे आणि त्याची जाडी किती उरली आहे, हे रस्त्यावरून तर कळत नाहीच. पाइपला खांदा लागेल इतक्या जवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरलाही दिसत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘गंज’. गंज म्हटला की आपल्याला आठवते पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलवर चढणारी तांबूस खरड. या लेखातला गंज काळा आहे. त्याला पाणी लागत नाही, हवा लागत नाही. तीनशे अंशांच्या कोरड्या उष्णतेत, पाइपच्या आतल्या बाजूने, गंधक लोखंडाला खात जातं.

गंधक येतं कुठून

माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातल्या. स्टॅनव्हॅकची १९५४ साली सुरू झाली, बर्मा-शेलची १९५५ साली. राष्ट्रीयीकरणानंतर त्या अनुक्रमे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाल्या. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं, ते गंधकाच्या बाबतीत अगदी सोज्वळ निघालं. अर्ध्या टक्क्याच्याही बरंच खाली. पण देशाची तहान तेवढ्यावर भागणारी नव्हती. आखातातून जहाजांनी येणाऱ्या क्रूडमध्ये गंधक दोन-दोन, अडीच-अडीच टक्के असू शकतं, आणि असं क्रूड सहसा स्वस्त मिळतं. त्यामुळे कुठल्याही रिफायनरीच्या खरेदी विभागाला ते आवडतं. ते पचवायचं काम पाइपांवर येतं.

क्रूड तापवलं की साधारण २३० अंश सेल्सियसपर्यंत त्यातलं गंधक निवांत असतं. त्यानंतर ते जागं होतं, आणि थेट ४२५ अंशांच्या आसपासपर्यंत त्याची लोखंडाशी प्रक्रिया चालू राहते. पाइपच्या आतल्या पृष्ठभागावर लोखंडाच्या सल्फाइडचा काळा थर बसतो. तो खालच्या धातूला काही प्रमाणात झाकतो, पण भरवशाचा नसतो. धातू झिजत राहतो. झीज किती वेगाने होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: तापमान, तेलातल्या गंधकाचं प्रमाण आणि स्वरूप, आणि पोलादातला क्रोमियम. मॅकॉनॉमी नावाच्या अभियंत्याने १९६३ मध्ये या हिशोबाचे आलेख मांडले. पुढे त्यांत दुरुस्त्या झाल्या, तरी ‘मॅकॉनॉमी कर्व्ह’ हा शब्द रिफायनरीत अजून रोजच्या वापरातला आहे. ५ टक्के क्रोम, ९ टक्के क्रोम, १८ टक्के क्रोमवालं स्टेनलेस अशा पायऱ्या चढत गेलं की झीज झपाट्याने कमी होते. खर्च मात्र उलट्या दिशेने धावतो.

या झिजेचा एक गुण फार फसवा आहे. ती खड्डे पाडत नाही. मोठ्या पट्ट्यात, जवळपास सारख्या प्रमाणात, पाइप आतून पातळ होत जातो. खड्डा पडला असता तर भोक पडून तेल ठिबकलं असतं आणि कोणाच्या तरी नजरेस आलं असतं. इथे बऱ्याचदा थेंबाची पायरी फार वेळ टिकत नाही, भिंत फाटते.

रिचमंड, सोमवारची दुपार

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावर रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या शेव्हरॉनच्या रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी दुपारी चारच्या सुमाराला, फेरीवर असलेल्या ऑपरेटरला क्रूड युनिटमध्ये जमिनीवर तेलाचं थारोळं दिसलं. वर पाहिलं तर साधारण चौदा फुटांवरून, वेष्टनाखालून, ठिबक चालू होती. ही होती चार नंबरची साइडकट लाइन: मुख्य मनोऱ्याच्या कुशीतून निघणारा आठ इंची पाइप, १९७६ साली बसवलेला. त्यातून डिझेलच्या जातीचं हलकं गॅस ऑइल ३३८ अंशांवर वाहत होतं.

गळती मनोऱ्याच्या इतकी जवळ होती की मध्ये बंद करायला व्हॉल्व्हच नव्हता. म्हणजे पर्याय दोनच. अख्खं युनिट बंद करा, नाहीतर चालू लाइनवर काहीतरी जुगाड करता येतं का पाहा. त्या संध्याकाळी युनिट चालू राहिलं. गळती नेमकी कुठे आहे आणि क्लॅम्प बसेल का, हे ठरवायला परांची बांधली गेली आणि वेष्टन उतरवायला सुरुवात झाली. वेष्टन तेलाने भिजलेलं होतं. अग्निशामक जवानांनी पाण्याच्या मारानेही पत्रा काढायचा प्रयत्न केला. गळती वाढत गेली, आणि साडेसहाच्या सुमाराला पाइप फाटला. पांढऱ्या वाफेचा प्रचंड ढग उठला. त्यात १९ माणसं सापडली. दोनेक मिनिटांत ढगाने पेट घेतला, तोवर १८ जण बाहेर पडले होते. एक जवान बंबात अडकला होता. अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख होता म्हणून ज्वाळांतून चालत तोही वाचला. धुराचा लोट शहरावर पसरला. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे १५ हजार लोक श्वासाच्या, डोळ्यांच्या आणि इतर तक्रारी घेऊन दवाखान्यांत पोहोचले.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने फाटलेला तुकडा कापून प्रयोगशाळेत नेला. तुकडा ५२ इंच लांबीचा. आठ इंची पाइपची भिंत मुळात आठ मिलिमीटरच्या आसपास असते. फाटलेल्या जागेजवळ तिच्यातली सरासरी ९० टक्के जाडी नाहीशी झाली होती. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढची आहे. त्याला लागूनच अलीकडे असलेला एल्बो, म्हणजे वळणाचा जोडतुकडा; तेच तेल, तेच तापमान, तीच वर्षं, आणि तो बऱ्यापैकी शाबूत.

फरक निघाला सिलिकॉनमध्ये. एल्बोच्या पोलादात सिलिकॉन ०.१६ टक्के होतं, फाटलेल्या तुकड्यात ०.०१ टक्के.

पोलाद ओतताना त्यातला प्राणवायू काढायला सिलिकॉन घालतात. साध्या कार्बन स्टीलमध्ये ते अशा चिमटीभर प्रमाणातच असतं. पण ०.१० टक्क्याच्या खाली गेलं की गरम गंधकासमोर पोलाद पार हरतं. झीज सोळा पटीपर्यंत वेगाने होऊ शकते, असं बोर्डाच्या अहवालात नोंदलेलं आहे. पाइपच्या एका अमेरिकन मानकात, ए-१०६ मध्ये, सिलिकॉनची किमान मर्यादा होती. दुसऱ्यात, ए-५३ मध्ये, नव्हतीच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कारखाने एकच पाइप दोन्ही मानकांत बसेल असा बनवू लागले आणि प्रश्न आपोआप सुटला. त्याआधीच्या पाइपांचं मात्र काही सांगता येत नाही. एकाच लाइनमध्ये, एकाच वेल्डच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या नशिबांचे तुकडे असू शकतात. रिचमंडमध्ये तसे होतेही: त्या लाइनच्या तपासलेल्या १२ तुकड्यांपैकी निम्म्यांत सिलिकॉन ०.१० च्या खाली निघालं.

मग इतकी वर्षं जाडी मोजत नव्हते का? मोजत होते. पण अख्ख्या पाइपची जाडी कोणीच मोजत नाही. ठरलेले बिंदू असतात, आणि ते बहुतेक करून एल्बोवर, वळणांवर ठेवतात, कारण प्रवाहाचा मार तिथे जास्त. नेमके हे फिटिंग अनेकदा चांगल्या सिलिकॉनचे असतात. आकडे छान येत राहिले. त्या ५२ इंची तुकड्यावर मोजणीचा एकही बिंदू नव्हता.

हे अज्ञान होतं असंही नाही. याच रिफायनरीत २००७ साली क्रूड युनिटमध्ये याच प्रकारच्या झिजेने आग लागली होती. कंपनीच्याच तज्ज्ञांनी २००९ मध्ये लेखी सुचवलं होतं की गंधकाच्या तापमानात चालणाऱ्या कार्बन स्टीलच्या लाइनमधला प्रत्येक तुकडा एकदा तपासा. २०११ च्या शटडाऊनमध्ये या लाइनचा काही भाग बदललाही गेला. हा तुकडा राहिला. २०१३ मध्ये कंपनीने सहा आरोपांना आव्हान न देता २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये रिफायनऱ्यांसाठी नवे नियम आणले. त्यांत कोणत्या लाइनला कोणत्या प्रकारे इजा होऊ शकते याचा आढावा घेणं बंधनकारक झालं. त्या काळ्या थराचं रसायनशास्त्र तोवर अर्धशतक जुनं झालेलं होतं.

तीन एल्बो, एकाच मापाचे

टेक्सास सिटीची बीपीची रिफायनरी मार्च २००५ च्या स्फोटामुळे कुप्रसिद्ध आहे. १५ माणसं गेली. त्याच वर्षी २८ जुलैला तिथे दुसरी मोठी आग लागली. ती फारशी कोणाला आठवत नाही, पण देखभालीच्या माणसाला तीच जास्त झोंबावी. हायड्रोजन वापरणाऱ्या युनिटमध्ये उष्णताविनिमयकांना जोडणारे तीन एल्बो होते. आकार, व्यास, फ्लँज सगळं सारखं. दोन क्रोम मिसळलेल्या पोलादाचे, गरम बाजूसाठी. एक साध्या कार्बन स्टीलचा, थंड बाजूसाठी. साफसफाईसाठी तिन्ही उतरवले आणि परत चढवताना अदलाबदल झाली. कोणत्याही एल्बोवर ओळखीची खूण नव्हती. साध्या पोलादाचा एल्बो गरम बाजूला गेला, आणि जेमतेम तीन महिन्यांत हायड्रोजनने त्याला आतून पोखरून फोडलं. नुकसान तीन कोटी डॉलरचं. हा गंधकाचा हल्ला नव्हे, त्याच घराण्यातला दुसरा. चूक मात्र तीच: तुकडा दिसायला बरोबर.

फिलाडेल्फियाच्या रिफायनरीत २१ जून २०१९ रोजी फुटलेला एल्बोही असाच, सुमारे १९७३ चा. तिथे आम्ल होतं हायड्रोफ्लुओरिक, आणि पोलादात निकेल-तांबं शेजारच्या तुकड्यांपेक्षा जास्त, म्हणून झीजही जास्त. फुटला तेव्हा भिंत ०.३ मिलिमीटर उरली होती. त्यानंतर ती रिफायनरी पुन्हा सुरू झालीच नाही.

गनवर काय दिसतं, काय दिसत नाही

म्हणून हल्ली शटडाऊनमध्ये जाडी मोजणाऱ्याच्या बरोबरीने ‘पीएमआय’वाला, म्हणजे तुकडा कोणत्या धातूचा हे ओळखणारा, फिरतो. जाडी मोजणाऱ्याचं काम तसं ओळखीचं. वेष्टनाला कापलेल्या छोट्या खिडकीतून पाइपवर कागद घासायचा, जेलचा ठिपका सोडायचा, प्रोब टेकवायचा, आकडा वाचायचा, खडूने पाइपवरच लिहून पुढे सरकायचं. ७.९, ७.८, ७.९. ध्वनिलहरीला भिंतीच्या आतल्या काठापर्यंत जाऊन यायला लागलेल्या वेळावरून ही जाडी निघते.

पीएमआयवाल्याच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र असतं; सगळे त्याला गनच म्हणतात. तोंड धातूला टेकवून चाप दाबला की क्ष-किरण आत जातात, धातूतली मूलद्रव्यं आपापली खूण परत पाठवतात, आणि काही सेकंदांत पडद्यावर क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमचे टक्के उमटतात. पाच क्रोम की नऊ क्रोम, हे तिथल्या तिथे कळतं. मोठी सोय आहे. पण हलक्या मूलद्रव्यांपुढे गन अडते. कार्बन तिला दिसतच नाही. सिलिकॉनची खूण इतकी क्षीण येते की ०.०१ आणि ०.१६ मधला निवाडा घाईच्या मोजणीत होत नाही. त्यासाठी पृष्ठभाग नीट घासून ठिणगीवर चालणारं जड यंत्र आणावं लागतं किंवा धातूचा कीस प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रिचमंडमध्ये ज्या फरकाने घात केला, तोच फरक गनवर धड उमटत नाही.

तेव्हा जुन्या कार्बन स्टीलच्या लाइनसाठी उपाय दोनच उरतात. एकेक तुकडा, दोन वेल्डमधला प्रत्येक भाग, स्वतंत्रपणे मोजा; नाहीतर लाइनच बदलून क्रोम वाढवा.

मग सगळं स्टेनलेसच का नाही?

हा प्रश्न कोणीही विचारेल. १८ टक्के क्रोम, ८ टक्के निकेल; गंधकाची झीज जवळजवळ विसरा. घरातली चांगली भांडीही त्याच कुळातली. आणि जिथे गंधकाबरोबर हायड्रोजनही असतो तिथे इलाजच नसतो. त्या मिश्रणापुढे ५ आणि ९ क्रोमचा फारसा टिकाव लागत नाही, सिलिकॉनही उपयोगी पडत नाही, स्टेनलेसच लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेल-पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅमवरून १० मिलिग्रॅमवर आली. हे गंधक काढायचं ते हायड्रोजनच्या दाबाखाली, म्हणजे हायड्रोट्रीटरमध्ये. रस्त्यावरचा धूर जितका स्वच्छ, तितकं रिफायनरीच्या पोटात स्टेनलेस जास्त. (काढलेलं गंधक वाया जात नाही. जगातलं बहुतेक मूळ गंधक आता तेल आणि वायू शुद्ध करतानाच मिळतं. खतांच्या कारखान्यांत ते जातं, आणि द्राक्षबागेत भुरीवर मारतात तेही गंधकच.)

पण स्टेनलेस महाग आहे, आणि तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, म्हणून जुन्या आधारांवर तसंच बसवता येत नाही. क्लोराइडवालं पाणी लागलं तर त्याला तडे जातात. आणि गंधकापासूनही त्याची पूर्ण सुटका नसते. साधं पोलाद प्लांट चालू असताना झिजतं. स्टेनलेसवर गंधक उलटतं ते प्लांट बंद झाल्यावर.

स्टेनलेसचा गंजरोधकपणा क्रोमियममुळे. पण वेल्डिंग करताना, किंवा ३७० ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिल्यावर, पोलादातला कार्बन क्रोमियमला पकडून धातूच्या कणांच्या सीमेवर नेऊन बसवतो. सीमेलगतची अरुंद पट्टी क्रोमियमविना उरते. विटा पक्क्या पण मधला चुना भुसभुशीत झालेली भिंत असावी तसं. बाहेरून काही कळत नाही, जाडी एक शतांशही कमी होत नाही. प्लांट चालू असताना आतल्या बाजूला सल्फाइडचा पातळ थर बसलेला असतो, तोही निरुपद्रवी. मग शटडाऊन येतो. युनिट थंड होतं, फ्लँज उघडतात, हवा आत शिरते, थंड भिंतीवर दमटपणा धरतो. सल्फाइड, प्राणवायू, पाणी ही त्रयी एकत्र आली की पॉलिथायोनिक आम्ल तयार होतं. ते बरोबर त्या भुसभुशीत सीमांवर जातं. वेल्डलगतच्या ताणाखालच्या धातूला साध्या खोलीच्या तापमानाला, कधी तासाभरातही, तडा जाऊ शकतो. युनिट पुन्हा सुरू करायला जावं आणि भट्टीच्या नळ्यांतून गळती निघावी, हा अनुभव या धंद्याने घेतलेला आहे.

यावरचा तोडगा कमालीचा स्वस्त आहे: धुण्याचा सोडा. सोडियम कार्बोनेटचं दोन टक्क्यांचं द्रावण. अमेरिकेतल्या गंज-अभियंत्यांच्या ‘नेस’ या संघटनेने १९७० मध्येच त्याची पद्धत लिहून काढली. यंत्र उघडण्यापूर्वी, हवा शिरण्यापूर्वी, आतला प्रत्येक कोपरा या द्रावणाने भिजवायचा. आम्ल तयार झालं तर तिथल्या तिथे मारलं जातं. शिवाय सल्फाइडचा कोरडा काळा चुरा हवा लागताच आपोआप पेटतो. म्हणून तो ओला ठेवायचा असतो. नुसत्या पाण्याने ओला ठेवला तर आग टळते पण आम्लाला निमंत्रण जातं. सोड्याच्या पाण्याने दोन्ही कामं होतात. द्रावण काढून टाकल्यावर साध्या पाण्याने खळबळायचं नाही. भिंतीवर वाळलेला पांढरा थर तसाच ठेवायचा. ज्यांना धुतलेली वस्तू स्वच्छ दिसायला हवी असते, अशा नव्या कामगारांना हे मुद्दाम बजावावं लागतं.

अडचण वेळापत्रकाची. शटडाऊनचा एकेक तास पैशात मोजलेला असतो. त्यात द्रावण बनवायचं, त्याच्या पाण्यातलं क्लोराइड तपासायचं (ते जास्त असलं तर एका रोगावरच्या औषधाने दुसरा व्हायचा), ते तासन्‌तास फिरवायचं. हे काम दिसत नाही आणि नीट झालं तर त्याचा परिणामही दिसत नाही. नियोजनाच्या बैठकीत ज्या ओळीवर पहिली कात्री येते, ती अशीच असते. काही भट्ट्यांत नळ्या उभ्या, तळाशी वळलेल्या असतात. त्यांतून द्रावण पूर्ण निचरत नाही, आणि सुरू करताना तळाशी उरलेलं आटून क्षार घट्ट होतात. तिथे सोडा न भरता नायट्रोजन कोंडून हवा बाहेर ठेवण्याकडे कल असतो. मग कोणी फ्लँज उघडा टाकून जेवायला गेला नाही ना, हे पाहत फिरावं लागतं.

दुसरा उपाय पोलादातच केलेला असतो. ३२१ ग्रेडमध्ये टायटॅनियम, ३४७ मध्ये नायोबियम. ही दोन्ही क्रोमियमच्या आधी कार्बनला धरून ठेवतात, त्यामुळे सीमा बऱ्याच अंशी शाबूत राहतात. साध्या ३०४ मध्ये हे संरक्षण नाही. दिसायला तिन्ही सारखीच. शटडाऊनच्या गर्दीत स्टोअरमध्ये ३४७ चा अर्धा इंची निपल, म्हणजे पाइपचा आखूड तुकडा, संपलेला असतो, ३०४ चा पडलेला असतो, आणि रात्रपाळीचा फिटर तो बसवून मोकळा होतो. सुदैवाने टायटॅनियम आणि नायोबियम ही मूलद्रव्यं गनला व्यवस्थित दिसतात. सकाळच्या फेरीत नायोबियमच्या जागी शून्य आलं की निपलवर लाल रंगाचा फराटा ओढतात, तो कापून काढतात, नवा वेल्ड, नवी तपासणी. आणि तो जॉब एक शिफ्ट मागे जातो.